फोटोत अर्धी ताई

माझ्या भाऊजींना दोन वर्षं एक गोष्ट ठरवता येत नव्हती. कॅमेरा बदलायचा की नाही? एवढ्या काळात लोक पोरींची लग्नं जमवतात, घरं बांधून वास्तुशांत उरकतात. भाऊजी रोज सकाळी चहाबरोबर ठरवायचे आणि संध्याकाळपर्यंत मोडायचे. मधल्या वेळात जो सापडेल त्याला धरून बसायचे, आणि घरचा साळा असल्यामुळे बहुतेक वेळा मीच सापडायचो.

भाऊजी म्हणजे अनंतराव देवघरे, माझ्या रमाताईचे यजमान. आमची दोन्ही घरं मूळची विदर्भातली, आजोबांच्या नोकऱ्यांमागे रायपुरात आली आणि इथलीच होऊन गेली. भाऊजींची नोकरी सिलतऱ्याला, स्पंज आयर्नच्या एका कारखान्यात, धर्मकाट्यावर झाली. ट्रक आला की काट्यावर घ्यायचा, वजन लिहायचं, पुढे सोडायचा. एका लहानशा खिडकीतून जन्मभर ट्रकांचे नंबर वाचले त्यांनी. घरी यायचे तेव्हा भुवयांवर काळी भुकटी असायची आणि ताई त्यांना अंगणातच तोंड धुवायला लावायची.

पन्नाशीनंतर त्यांना फोटोचं वेड लागलं. त्यांच्या मुलीने, देवश्रीने, पुण्यात पहिला पगार झाल्यावर त्यांना कॅमेरा घेऊन दिला. मग रविवारची पहाट तलावावर, सुट्टीची दुपार उरला औद्योगिक वसाहतीतल्या ट्रकांच्या रांगांत. बगळ्यांचे फोटो ते ढिगाने काढत. खरं सांगायचं तर मला त्यांचे सगळे बगळे एकसारखेच दिसतात. पण ट्रकवाल्यांचे फोटो मात्र खरोखर चांगले असत. एका फोटोत एक ड्रायव्हर चाकाशेजारी बसून भाजी फोडणीला टाकतोय, आणि पार कोपऱ्यात दुसऱ्या ट्रकाच्या खालून एक कुत्रं त्या कढईकडे पाहतंय. ते कुत्रं नसतं तर फोटोत काही नव्हतं. भाऊजींच्या सुरुवातीच्या फोटोंत कडेला असं काही ना काही चाललेलं असायचंच.

नंतर ते कमी कमी होत गेलं. हे आज कळतं. तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते महालक्ष्म्यांच्या फोटोवरून. पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्यांना आम्ही महालक्ष्म्या म्हणतो, आणि आमच्या नात्यातल्या महालक्ष्म्या ताईच्या पुरानी बस्तीतल्या घरी बसतात. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला. पुरण, आंबील, सोळा भाज्या, आणि हे सगळं सोवळ्यात ताईच्या हातचं. पंगती उठल्या की महालक्ष्म्यांसमोर सगळ्यांचा एक फोटो, हा रिवाज भाऊजींचाच. मधे खुर्चीवर त्यांच्या आई, शांताबाई. त्यांच्या दोन्ही बाजूंना वयाप्रमाणे मंडळी. ताई सगळ्यात शेवटी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर यायची आणि दाराशीच, रांगेच्या टोकाला उभी राहायची. मागे चुलीवर दूध असायचं, म्हणून तिला दारापासून लांब जाता येत नसे.

पहिल्या वर्षी फोटोत ताई अर्धी आली. एक डोळा, अर्धं कुंकू, पदराचा काठ. आम्ही हसलो. ताईसुद्धा हसली. दुसऱ्या वर्षी तेच झालं, तेव्हा भाचे कंपनीने भाऊजींची खूप फिरकी घेतली. तिसऱ्या वर्षी ताईचा फक्त खांदा आला आणि हात पुसायचं फडकं. त्या वर्षी कोणी हसलं नाही.

मी मात्र तापलो. दुसऱ्या दिवशी उरलेलं पुरण घेऊन जायच्या निमित्ताने गेलो आणि त्यांना म्हटलं, "भाऊजी, बगळ्याच्या पायाची नखं मोजून घ्या तुमच्या फोटोत. अन् घरची बाई येत नाही?"

ते अजिबात चिडले नाहीत. उलट समजावून सांगायला लागले, आणि भाऊजी समजावून सांगायला लागले की निघायची सोय राहत नाही. कॅमेऱ्याच्या पोटात फिल्मच्या जागी आता सेन्सर असतो. त्यांच्या कॅमेऱ्यातला लहान. महागातल्या कॅमेऱ्यातला मोठा, जुन्या फिल्मच्या तुकड्याएवढा, त्याला म्हणायचं फुल फ्रेम. तेच भिंग लहान सेन्सरवर लावलं तर चित्राच्या कडा बाहेर राहतात, म्हणून लहानाला म्हणायचं क्रॉप.

"क्रॉप हाय ना माया कॅमेरा," ते म्हणाले. "कडा काटते तो. रमा कडेलाच उभी राहाते. फुल फ्रेम घेतला की पाहा, पूरी पंगत येते का नाई."

हे त्यांच्या डोक्यात भरवलं होतं रविवारच्या फोटोवाल्या मंडळींनी. ही सगळी हौशी मंडळी तलावावर जमते, आणि कोणाचा फोटो बिघडला की ठरलेलं उत्तर असतं, क्रॉप बॉडी आहे, कडा तर कापल्या जाणारच. अर्धं खरं, अर्धं गप्पांच्या ओघातलं. भाऊजींनी ते गाठीला बांधलं आणि मग त्यांच्या प्रत्येक बिघडलेल्या फोटोचं कारण तेच झालं.

ताईला मी स्वयंपाकघरात विचारलं, तिला काय वाटतं ते. ती परातीत कणीक मळत होती.

"घेऊन टाकू दे बाप्पा एकदाचा," ती म्हणाली. "नवा आला तं मीबी पूरी येईन फोटोत."

हसून म्हणाली, पण लगेच मान खाली घातली. साठीची बाई फोटोत यावं म्हणून वाट पाहते आहे, हे माझ्याच्याने पाहवलं नाही. मी उठून बाहेर आलो आणि भाऊजींशी दोन आठवडे नीट बोललो नाही.

बाकी भाऊजींचं घरात जे चाललं होतं ते आम्ही सगळ्यांनी वेंधळेपणाच्या खात्यात टाकलं. ताटाशेजारचा पाण्याचा गडू त्यांच्या हाताने कलंडायचा. दाराच्या चौकटीवर खांदा आदळायचा. गल्लीत बाजूने येणारी गाय त्यांना अंगावर आल्यावरच दिसायची. स्कूटर त्यांनी आपणहून बंद केली, म्हणाले, रायपुरात आता ट्रॅफिक फार वाढली. ते खरंच होतं, त्यामुळे कोणी पुढे विचारलं नाही. ताई चिडायची, "लक्ष कुठी असते तुमचं? चोवीस तास कॅमेरा." आणि भाऊजी मुकाट्याने फडकं घेऊन सांडलेलं पाणी पुसायचे.

थंडीत शेवटी पियुषला दया आली. पियुष आमच्याच पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, लग्नाचे फोटो काढतो, मराठी सगळं समजतं पण बोलतो हिंदीत. तो म्हणाला, "काका, लेने से पहले एक दिन मेरावाला चलाकर देख लो. फिर फैसला करना." त्याच्याकडे फुल फ्रेम होता. भाऊजींनी त्या रविवारी इस्त्रीचा सदरा घातला. मी त्यांना गाडीवर मागे बसवून तलावावर घेऊन गेलो. मनातली अढी गेली होती असं नाही, पण ताईने सांगितलं होतं.

पाण्यावर धुकं होतं. एक बगळा जवळच, पायरीखालच्या चिखलात उभा होता. पियुषने कॅमेरा भाऊजींच्या गळ्यात घातला, पट्टा नीट केला. भाऊजींनी दोन्ही हातांनी तो असा धरला की मी माझा सगळा राग विसरलो. डोळा लावला.

मग म्हणाले, "पियुष, याच्यात आकडे कुठी येते रे?"

कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहिलं की चित्राच्या खाली आकड्यांची एक पट्टी दिसते, उजेड किती, वेग किती, ते सांगणारी.

"नीचे ही तो हैं, काका. पूरी पट्टी है."

"खाली तं काहीच नाई."

पियुषने कॅमेरा घेऊन पाहिलं. आकडे होते. मलाही दाखवले. हिरवे, स्वच्छ, मला चष्म्यातूनही वाचता आले. भाऊजींनी पुन्हा डोळा लावला आणि या वेळी डोळा खाली वळवला असावा, कारण एकदम खूश होऊन म्हणाले, "हव, हाय हाय. दिसले." आणि लगेच, "पण आता बगळा गेला."

बगळा गेला नव्हता. जागचा हललाही नव्हता.

पियुषच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पोरगा हुशार आहे. त्याने आवाज अगदी साधा ठेवून विचारलं, "काका, बगुले को बीच में रखो. अब बताओ, सीढ़ी पर कौन है?"

"कोणी नाई."

पायरीवर, बगळ्यापासून थोड्याच अंतरावर, एक बाई लालभडक लुगडं आपटून धूत होती. तिचा आवाज तलावभर येत होता. भाऊजींनी तो आवाज ऐकला, मान वळवली, बाई पाहिली. कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला. पुन्हा वर घेतला, पुन्हा खाली.

"लेन्स खराब हाय का तुई?" त्यांनी विचारलं.

"नहीं काका."

"अन् माया कॅमेरा कडा काटते ते?"

"काटता नहीं है, काका," पियुष खाली पाहून म्हणाला. "क्रॉप जो काटता है, वो खिड़की में भी नहीं दिखता. खिड़की में जो दिखा, वो फोटो में आता ही है. आपवाले में तो जितना दिखता है, उससे थोड़ा ज़्यादा आता है."

भाऊजींनी हे ऐकलं आणि कॅमेरा पियुषच्या हातात परत दिला. बाईचं धुणं संपलं, ती बादली घेऊन वर गेली. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग रमा?"

मी गाडी काढली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच घेऊन गेलो. तिथे एक यंत्र असतं, मोठ्या पांढऱ्या कढईच्या आत तोंड घालून बसावं तसं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्याकडे पाहत राहायचं. आजूबाजूला कुठे उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे बाकावर बसलो होतो. सुरुवातीला बटणाचा आवाज दोन-चारदा आला. मग आलाच नाही. भाऊजी पाठ ताठ करून, परीक्षेला बसल्यासारखे, बटणावर अंगठा ठेवून वाट पाहत होते.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मॅडम, मशीन बंद पड गई क्या?"

"चल रही है, अंकल," यंत्राजवळची मुलगी म्हणाली. "आप सामने देखते रहिए."

मी बाकावरून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. आत रडता येत नाही, लोक असतात.

काचबिंदू निघाला. फार आधीपासूनचा. दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडेने खात जातो आणि मधली शाबूत ठेवतो, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. वाचता येतं, सुईत दोरा ओवता येतो, बगळ्याची नखं दिसतात. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी हातचं काही राखून ठेवलं नाही. म्हणाल्या, गेलं ते परत येणार नाही. थेंब रोज घालायचे, उरलेलं जपायचं, आणि जपूनही थोडं थोडं जाऊ शकतं. चालताना मान वळवून पाहायची सवय करा.

परत येताना ऑटोत भाऊजी एवढंच बोलले, "फुकट त्या कॅमेऱ्याले बोल लावला मी. पोरीनं देल्ला होता तो."

घरी ताई मेथी निवडत बसली होती. सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं, जमेल तसं. ती मेथीच्या काड्या हातात धरून ऐकत राहिली. डोळ्यांचं किती राहिलं, औषध कोणतं, असं काहीच तिने विचारलं नाही. भाऊजी आत कपडे बदलायला गेले तेव्हा पदराने तोंड झाकून म्हणाली, "तीन वर्सं मले वाटे, याइले मी फोटोत नको असन. म्हातारी झाली, तेलातुपाची, चुलीपाशची बाई. कोणाले बोलली नाई मी. मनात किती राग धरला, शिशिर. अन् याइले मी दिसतच नोहती."

ती मग खूप रडली. मी तिच्या शेजारी बसून मेथी निवडत राहिलो, दुसरं काय करणार? भाऊजी दाराशी येऊन उभे राहिले होते. त्यांनी ऐकलं. आत आले, ताईच्या अगदी समोर खाली बसले, बाजूला नाही, समोर, आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.

कॅमेऱ्याचा प्रश्न त्यानंतर खरा उभा राहिला. इतके दिवस भाऊजी एकटे ठरवत होते, आता आम्ही सगळे ठरवायला लागलो. देवश्री फोनवर रडत रडत म्हणाली, "बाबा, अब तो ले ही लो ना. जेवढं दिसतं तेवढं तरी छान दिसू द्या." ताई म्हणाली घ्या. पियुष म्हणाला, नवा जमत नसेल तर चांगला जुना मिळवून देतो. मीही म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. माणसाची एकच हौस, तीही आता डोळे असेतोवरची. नाही घेतला तर मागून आम्हालाच चुटपुट लागेल, हा त्यातला आमचा स्वार्थही होताच.

भाऊजी एकदा माझ्याबरोबर पियुषकडे गेले. त्याचा कॅमेरा मागून घेतला, डोळ्याला लावला, दुकानातल्या खुर्चीवर रोखला, भिंतीवरच्या नवरानवरीच्या फोटोवर रोखला. मग पट्टा नीट गुंडाळून परत दिला.

"नाई घेत," ते म्हणाले. "खिडकी मोठी हाय, चांगली हाय. पण मी तिच्यातून मधातलंच पाहीन. बाकीची खिडकी वाया. ज्याले कडा दिसते त्यानं घ्यावा."

पियुष काहीतरी बोलू पाहत होता, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुयापाशीच राहू दे. लोकायची लग्नं हायेत."

एवढ्यात ठरलं. दोन वर्षं जे ठरेना ते. मला इतका राग आला, कोणाचा ते सांगता येणार नाही. वाटेत त्यांनी माझा दंड धरला होता, रस्ता ओलांडायला. तोवर कधी धरला नव्हता.

या वर्षी महालक्ष्म्या बसल्या. पंगती उठल्या. भाऊजी देवश्रीने दिलेला जुना कॅमेरा घेऊन आले आणि मंडळी नेहमीसारखी उभी राहायला लागली. शांताबाई खुर्चीवर बसल्या. ताई हात पुसत बाहेर आली आणि सवयीने दाराशी उभी राहिली.

भाऊजींनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. "रमा कुठी हाय?"

"हे काय, इथंच आहो," ताई दारातून म्हणाली.

"तिथं नाई. मधी ये."

ताई हलेना. मधे सासूबाई, मागे महालक्ष्म्या, तिथे सुनेने कसं जाऊन बसायचं? शिवाय चुलीवर दूध होतं. तेव्हा शांताबाईंनी आपली काठी घेतली, उठल्या, खुर्ची रिकामी केली आणि म्हणाल्या, "बस व रमा. तो बलावते तं बस. दूध मी पाहतो." आणि ऐंशी ओलांडलेली ती म्हातारी काठी टेकत स्वयंपाकघरात गेली.

ताई बसली. तिला हातांचं काय करावं कळेना, ते फडकं तिने मांडीवर घडी करून ठेवलं. मी ताईची दाराजवळची जागा घेतली, रांगेच्या टोकाची.

"सगळे आले का?" भाऊजींनी विचारलं.

"आलो," आम्ही सगळे म्हणालो.

फोटो झाल्यावर ते ओसरीवर बसून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो पाहू लागले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तशी मान डावीकडून उजवीकडे हळूहळू नेत. मी त्यांच्या मागे उभा होतो. ताई बरोबर मधे आली होती, अख्खी, कपाळभर कुंकू, दोन्ही डोळे उघडे, नवीन नवरीसारखी बावरलेली. भाऊजी तिथे खूप वेळ थांबले. मग मान पुढे सरकली, टोकाला आली.

"शिशिर, तू अर्धाच आला रे."

खरंच होतं. माझा एक कान, एक खांदा.

"चालते, भाऊजी."

"पुढच्या साली तुले मधी घेतो," ते म्हणाले. मान पुन्हा परत ताईपर्यंत नेली आणि तिथेच ठेवली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "पण मधी आता एकच जण मावते."

"तं ताईलेच बसवा," मी म्हटलं.

"हव," भाऊजी म्हणाले, आणि पडदा विझेपर्यंत पाहत राहिले.